चौथ्या कपातली मादी

सहा कप होते. पहिल्यात एकतीस डास, दुसऱ्यात एकोणतीस, तिसऱ्यात तेहतीस, चौथ्यात सत्तावीस, पाचव्यात तीस, सहाव्यात एकतीस. सगळ्या माद्या. नर चावत नाहीत, त्यामुळे या खोलीत त्यांचं काही काम नव्हतं. हन्नाने चौथा कप पुन्हा उचलला, दिव्यासमोर धरला आणि श्वास रोखून मोजला. सत्तावीस. कप हलकेच तिरका करून तळाशी एखादी मरून पडली आहे का पाहिलं. नव्हती. सकाळी सहकारी अनीशने आणि तिने मोजल्या तेव्हा अठ्ठावीस होत्या.

ट्रेमध्ये कपाशेजारी कापसाचा बोळा पडला होता. प्रत्येक कपाच्या जाळीला बोटभर भोक असतं. त्यातून काचेची नळी घालून डास आत सोडायचे आणि कापसाने भोक बुजवायचं. जाळीवर दुसरा एक कापूस ठेवलेला असतो, साखरेच्या पाण्यात भिजवलेला, डासांना खायला. आज दुपारी तिला फक्त तो साखरेचा कापूस काढायचा होता. चौथ्या कपावरचे तिने घाईत दोन्ही काढले होते.

तिने आधी भोक बुजवलं. मग खोली पाहिली. भिंती पांढऱ्या, छत पांढरं, फरशी पांढरी, तिच्या अंगातला कोटही पांढरा. सुटलेला डास टिंबासारखा उठून दिसावा म्हणूनच सगळं तसं केलेलं होतं. तिने स्टुलावर चढून छताचे चारही कोपरे पाहिले, टेबलाखाली वाकून पाहिलं, दिव्याच्या मागे पाहिलं. कुठेही टिंब नव्हतं.

बाहेरच्या खोलीत हसू फुटलं. डोहाळजेवणाला बसलेल्या निवेदिताताईसमोर झाकलेल्या दोन वाट्या ठेवलेल्या असणार, एकीत पेढा, एकीत बर्फी. "बर्फी! मुलगी होणार बघ!" असं ताईच्या सासूबाई, सत्यशीलाकाकू, ओरडल्या. हन्ना स्टुलावरून उतरली आणि तिथेच बसली.

हे साधे डास असते तर तिने घाबरायचं कारण नव्हतं. चौदा दिवसांपूर्वी पाथर्डीजवळच्या एका वस्तीवरचा कानिफनाथ या संशोधन केंद्रात आला होता. ऊसतोडीला सुरतेकडे गेलेला, हंगाम संपवून हिवताप घेऊन परतलेला. त्याच्या रक्तात हिवतापाच्या जंतूची ती अवस्था होती जी माणसाला काहीच करत नाही, नुसती डासाची वाट बघत बसते. ते रक्त डासांना पाजायचं आणि किती डासांना लागण होते हे मोजायचं, हाच या केंद्राचा उद्योग.

त्यासाठी माणूस डासांपुढे बसवत नाहीत. घंटेसारखी छोटी काचेची भांडी असतात, दुहेरी भिंतीची. दोन भिंतींमधून सदतीस अंशांचं पाणी फिरत राहतं, म्हणजे आतलं रक्त अंगाइतकंच ऊबदार राहतं. भांड्याच्या तोंडाशी मेणाचा पातळ पापुद्रा ताणून बसवलेला. तीच कातडी. खाली कप ठेवला की आदल्या दिवसापासून उपाशी असलेल्या माद्या जाळीला उलट्या लटकून त्या पापुद्र्यात सोंडा खुपसतात. पापुद्र्याला माणसाचा वास लागला तर जास्त माद्या येतात, म्हणून हन्ना तो आधी स्वतःच्या हातावर घासून घ्यायची.

कानिफनाथ दंडाला कापूस दाबून धरत हे सगळं बघत उभा होता. "येवडा थाट?" तो म्हणाला. "आमच्या पाचटाच्या कोपीवर या म्हनावं त्यास्नी. फुकट पितेत समदे. काचंबिचं काय लागत न्हाई."

"तिथले आधी कुणाकुणाला चावून आलेत ते कळत नाही ना, दादा," निवेदिता हसून म्हणाली. "इथे फक्त तुमचंच रक्त."

"मंग माजंच नाव द्या की लेकरांला."

अनीशने खरोखरच सहाही कपांवर 'कानिफनाथ' लिहिलं आणि पुढे एक ते सहा आकडे टाकले. कानिफनाथला त्याच दिवशी औषध सुरू झालं. आठवड्याने तो बरा होऊन, डाळिंबांची पिशवी देऊन गेला. डासांमधला जंतू मात्र वाढत राहिला. आठव्या दिवशी निवेदिताने त्याच रक्तावरच्या दहा माद्या कापून पाहिल्या. सात जणींच्या जठरावर जंतूच्या गाठी होत्या. चौदाव्या दिवसापर्यंत त्या गाठी फुटतात, त्यातले सुईसारखे बारीक बीजाणू लाळग्रंथींत शिरतात, आणि मग मादी ज्याला चावेल त्याच्या अंगात लाळेबरोबर जातात.

आज चौदावा दिवस होता. दहापैकी सात, हा आकडा हन्नाच्या डोक्यातून हलेना.

आणि आता तिला आठवलं की आपण मघाशी या खोलीतून बाहेर कसे पडलो.

खोलीला दोन दारं होती आणि मध्ये कपाटाएवढी पांढरी जागा. बाहेर पडताना दोघांनी त्या जागेत उभं राहायचं, "पाठ दाखव" म्हणायचं आणि एकमेकांची पाठ, केस, कोटाच्या चुण्या तपासायच्या. एकट्याने बाहेर पडायचं नाही. एकटं असलं तर घंटी दाबून थांबायचं, बाहेरून कुणीतरी येईल. केंद्रप्रमुख नृसिंह सरांचा हा पहिला नियम. ते पुण्याला बैठकीला गेले होते. हन्नाने घंटी दाबली होती. बाहेरून अनीशचा आवाज आला होता, "अगं ये तशीच, माझे हात फुलांनी भरलेत!" आणि त्यावर काकूंचा, "हन्ना, ये गं बाई लवकर, मुहूर्त टळतोय!"

ती आरशात स्वतःची पाठ बघायचा प्रयत्न करून तशीच बाहेर पडली होती. कोट काढून खुंटीला अडकवला, हात धुतले. निवेदिताचं मोठं डोहाळजेवण नगरला, घरी व्हायचं होतं. हे आपलं कामावरच्यांचं, छोटंसं. पण काकू हौसेने एसटीने आल्या होत्या. ओटी त्याच भरणार होत्या, कारण ओटी सवाष्णीने भरायची. हन्नाचं लग्न व्हायचं होतं आणि शिवाय ती चर्चला जाणारी, तरी काकूंनी तिच्यासाठी एक काम राखून ठेवलं होतं. "फुलांची वाडी तू घाल गं. तुझा हात हलका आहे."

मग हन्नाने हिरव्या साडीतल्या निवेदिताला फुलांचे दागिने घातले होते. कपाळावर बिंदी, गळ्यात हार, दंडांना मोगऱ्याचे बाजूबंद, कमरेला पट्टा. घालताना ती तिच्या भोवती दोनदा फिरली होती, अगदी अंगाला अंग लागेल एवढ्या जवळून. फोटो झाल्यावर उरलेलं काम उरकायला पुन्हा आत आली होती.

सांगावं की आधी आणखी शोधावं? क्षणभर तिला वाटलं, सकाळची मोजणीच चुकली असेल. तिने स्वतःला ते मनात पूर्ण बोलूही दिलं नाही. सकाळी दोघांनी वेगवेगळं मोजलं होतं आणि दोघांचा आकडा एकच आला होता. तिने घंटी दाबली आणि दाबूनच धरली.

अनीश आला. "पाठ दाखव," ती म्हणाली. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता नीट, वरपासून खालपर्यंत पाठ पाहिली. "काही नाही. काय झालं?"

हन्नाने बाहेर येऊन कोट खुंटीला अडकवला. निवेदिता खुर्चीत बसून बर्फी खात होती.

"ये, ये. मुलगी आहे म्हणे. काय गं, तोंड का असं उतरलंय?"

"ताई, चौथ्या कपात सत्तावीस आहेत."

निवेदिताचं हसू लगेच गेलं नाही. ते नुसतं चेहऱ्यावर राहून गेलं. "मेलेली?"

"नाही."

"खोलीत?"

"सगळी पाहिली. ताई, मी मघाशी बाहेर आले तेव्हा माझी पाठ कुणीच पाहिली नव्हती."

"आणि मग?"

"मग मी तुला वाडी घातली."

निवेदिताचा हात गळ्यातल्या हाराकडे गेला आणि वाटेतच थांबला. तिने बर्फीचा तुकडा हळूच वाटीत ठेवला. "कूलर बंद कर, अनीश. दार लाव, खाली फट आहे तिथे चादर कोंब. खिडक्या बंदच आहेत ना? कुणी जागचं हलायचं नाही. आणि हात झटकायचे नाहीत."

"अगं, एक डास ना?" काकू म्हणाल्या. "आमच्या गच्चीत संध्याकाळी बसा, पन्नास मिळतील."

"हा तुमच्या गच्चीतला नाहीये, आई." निवेदिता शांत बोलत होती, पण शब्दांच्या मध्ये श्वास घेत होती. "याच्या लाळेत मलेरिया असू शकतो. तोही यकृतात लपून बसणाऱ्या जातीचा. ताप येतो, गोळ्यांनी उतरतो, आणि आत झोपलेले जंतू महिन्या-दोन महिन्यांनी परत उठतात. त्या झोपलेल्यांना मारणारं औषध एकच आहे, आणि ते पोटुशीला देत नाहीत. बाळाच्या रक्ताला सोसलं नाही तर?"

"मग?"

"मग बाळंत होईपर्यंत आठवड्याला दुसऱ्या गोळ्या घ्यायच्या आणि वाट बघायची. ताप चढला तर बाळाचं वजन घटतं. कधीकधी त्याहून वाईट होतं."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मग एकदम हन्नाकडे वळल्या. "तू गं पोरी, दोन मिनिटं थांबली असतीस तर काय बिघडत होतं?"

"हाका तुम्हीच मारत होतात, काकू," अनीश खाली बघत म्हणाला. "आणि तशीच ये म्हणालो मी."

कूलर थांबल्यावर मे महिन्याचा उकाडा भिंतींतून आत आला. निवेदिताने साडी पोटरीपर्यंत वर घेतली आणि पाय तपासू लागली. डाव्या घोट्याच्या वर एक लालसर गांधी होती, हरभऱ्याच्या डाळीएवढी.

"ही कधीची?" हन्नाने विचारलं.

"माहीत नाही."

"मुंगी असेल," काकू घाईघाईने म्हणाल्या. "हारात मुंग्या होत्या, मी स्वतः झटकल्या. मलाही दोन चावल्या, हे बघ." त्यांच्या मनगटावर खरंच दोन पुळ्या होत्या. अनीशच्या मानेवर एक जुनी होती. हन्नाने स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. हातांवर काही नव्हतं, पण पाठ तिला दिसत नव्हती. गांधीवरून मुंगी की डास ते कळत नाही. पाहणाऱ्याला जे हवं असतं तेच दिसतं.

ही जात दिवस कलल्यावर चावायला निघते. खिडकीच्या काचेबाहेर मोहट्याच्या रस्त्यावर ऊन उतरत चाललं होतं. हन्नाच्या डोक्यात विचार आला, की आपल्याजवळ डासाला बोलावण्याचं यंत्र आहेच. तिने आणि अनीशने काचेचं एक भांडं बाहेर आणलं, पाण्याच्या नळ्या जोडल्या, पारा सदतीसवर आणला. आत रक्त भरलं नाही. नुसती ऊब पुरे होती. पापुद्रा ताणून तिने तो स्वतःच्या हातावर घासला. निवेदिताने आपलाही हात पुढे केला.

"नको, ताई."

"घास. तिला मी आवडले असले तर त्याच वासाला येईल."

टेबलावर पांढरी चादर अंथरून भांडं मधोमध ठेवलं. हन्ना हातात काचेची शोषनळी धरून त्याच्यासमोर बसली. डासाला इजा न होता पकडायचं तर हेच साधन, तोंडाने ओढायचं, मध्ये जाळी असते म्हणून डास तोंडात येत नाही. काकू ओठ हलवत रामरक्षा म्हणत होत्या. हन्नाच्या मनात लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना सुरू होऊन पहिल्याच ओळीवर परत परत येत होती. कपाळावरून घाम टपकून चादरीवर डाग पडले. घामही डासांना आवडतो, तिने पुसला नाही.

चादर पांढरीच राहिली. दिवस मावळला तरी भांड्याकडे काहीही आलं नाही.

"गेली असेल कुठेतरी," अनीश कुजबुजला.

"कुठून जाईल? कूलरचा वारा आत येत होता, त्याच्या उलट तिला उडता येत नाही. आणि दार मघापासून कुणी उघडलेलं नाही." बोलता बोलता हन्ना थांबली. उद्या या माद्यांना पुन्हा पापुद्र्यावर बसवून त्यांच्या लाळेतून किती बीजाणू पडतात ते मोजायचं होतं, आणि आज साखरेचा कापूस काढून घेतला होता तो त्यासाठी त्यांना उपाशी ठेवायलाच. उपाशी मादी एवढ्या जवळची ऊब आणि एवढा घामाचा वास सोडून बसत नाही. आली नाही, याचा अर्थ एकच निघत होता. तो तिला बोलून दाखवायचा नव्हता.

निवेदिताच बोलली. "तिचं पोट भरलंय."

काकूंची रामरक्षा थांबली.

"निळा टॉर्च आण," निवेदिता म्हणाली.

कपांतल्या डासांच्या अंगावर केंद्रात चमकणारी पूड उडवून ठेवत, प्रत्येक कपाचा रंग वेगळा, म्हणजे सुटलेला डास कुठला ते कळावं. चौथ्याची पूड गुलाबी होती. साध्या उजेडात ती दिसत नसे, निळ्या टॉर्चखाली ठिणगीसारखी पेटे. अनीशने पडदे ओढले. हन्नाने टॉर्च आधी खुंटीवरच्या आपल्या कोटावर टाकला. उजव्या खांद्याच्या मागे, आरशात कधीच दिसली नसती अशा जागी, तीन गुलाबी ठिणग्या होत्या.

"आता माझ्यावर टाक," निवेदिता म्हणाली.

हन्नाने टॉर्च तिच्यावर धरला. मोगरा निळसर पांढरा उजळला. बिंदीवर काही नव्हतं. हारावर नव्हतं. डाव्या बाजूबंदावर नव्हतं. उजव्या बाजूबंदाच्या दोन कळ्यांवर एकेक गुलाबी ठिणगी होती. आणि त्याखाली, कोपराच्या आतल्या मऊ कातडीवर, आणखी एक.

निवेदिताने ती पाहिली. दुसरा हात तिने पोटावर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"हलू नकोस," हन्ना म्हणाली. हे कशासाठी म्हणाली ते तिलाही कळलं नाही. टॉर्च खुर्चीच्या हातावर गेला. एक ठिणगी. जमिनीलगत भिंतीवर, दुसरी. भरल्या पोटाची मादी जड असते, फार उडत नाही. थंड, ओलसर, अंधारी जागा बघून बसते. खोलीत तशी जागा एकच होती. कोपऱ्यात लाकडी तिवईवर माठ ठेवला होता, त्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. हन्ना जमिनीवर आडवी झाली आणि तिवईखाली प्रकाश टाकला.

लाकडाच्या खालच्या अंगाला एक गुलाबी टिंब तिरकं बसलेलं होतं, शेपूट वर करून, या जातीचे डास बसतात तसं.

अनीशने खुंटीवरची विजेची बॅट उचलली.

"बॅट नको!" निवेदिता आणि हन्ना एकाच वेळी ओरडल्या. जळालेल्या डासाकडून काहीच कळलं नसतं.

हन्नाने नळीचं टोक टिंबाजवळ नेलं. एकदा चुकलं तर ती उडणार, आणि मग रात्रभर शोधत बसायचं. तिने श्वास ओढला. टिंब लाकडावरून नाहीसं झालं. नळी बोटाने बंद करून ती बाहेर सरकली आणि उजेडात धरली. चट्ट्यापट्ट्यांच्या पंखांची मादी जाळीशी बसली होती. पोट डाळिंबाच्या दाण्यासारखं टम्म, लाल.

फ्रीजमध्ये ठेवल्यावर ती काही मिनिटांत थिजली. काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकून हन्नाने तिला त्यात आडवं केलं आणि दोन्ही हातांत सुया घेतल्या. सुयांची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली झाडाच्या फांद्यांएवढी मोठी दिसतात. त्या फांद्या वादळात सापडल्यासारख्या हलत होत्या.

"सरक," निवेदिता म्हणाली.

"ताई, तू नको."

"लाळग्रंथी न फाटता काढणारं इथे दुसरं कोण आहे? सरक."

निवेदिता बसली. नव्या हिरव्या बांगड्या तिने कोपरापर्यंत वर सारल्या, त्या घसरून पुन्हा खाली आल्या, पुन्हा सारल्या. मागे काकू उभ्या होत्या. त्यांनी हन्नाचा डावा हात धरला आणि दाबला. एक सुई डासाच्या छातीवर टेकली, दुसरीने मान हलकेच ओढली. डोक्यामागून दोन नाजूक, काचेसारखे पारदर्शक झुबके बाहेर आले. प्रत्येकाला तीन खंड. एकही तुटला नव्हता.

मग तिने पोट उघडलं. थेंब लाल झाला. "लिही," ती म्हणाली. "रक्त ताजं आहे. आजचंच. जठराची भिंत दिसत नाही, गाठी मोजता येत नाहीत."

हन्नाने लिहिलं.

निवेदिताने ग्रंथी वेगळ्या थेंबात घेतल्या, वर पातळ काच ठेवून दाबल्या आणि मोठं भिंग फिरवलं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मग थोडं खाली, मग पुन्हा परत. नांगरट करावी तशी ओळीने. अनीश दाराला टेकून उभा होता. काकूंची पकड सुटत नव्हती. शेवटच्या कडेला आल्यावर निवेदिताने खुर्ची मागे घेतली.

"आता तू मोज," ती हन्नाला म्हणाली. "मी काय पाहिलं ते सांगणार नाही. माझ्या पोटाचा प्रश्न आहे, माझ्या एकटीचं धरायचं नाही."

हन्ना बसली. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली, म्हणजे अंग हलू नये. डावी ग्रंथी. पहिला खंड, दुसरा, तिसरा. उजवी. पहिला, दुसरा. तिसऱ्यावर ती दोनदा फिरली. मग पेन उचललं. निवेदिताने तिच्याजवळ वाकून आपला आकडा सांगितला. तो तोच होता. हन्नाने दोघींचा मिळून एकदाच लिहिला.

चौथा कप, अठ्ठाविसावी मादी. पोटात ताजं रक्त. लाळग्रंथींचे सहाही खंड दोघींनी वेगवेगळे तपासले. बीजाणू : शून्य.